सहा सिलिंडरची अंगाई

आमच्या विनीला झोपायला सहा सिलिंडर लागतात. लोकांच्या मुलांना गाणं लागतं, पाठीवर थोपटणं लागतं, एखादा कान चावून चोथा केलेला ससा लागतो. ससे आमच्याकडेही आहेत. दुकानातून आले तेव्हा होते तसेच टवटवीत आहेत. विनी झोपते ती फक्त मॉरीनमध्ये, आणि मॉरीन म्हणजे आमची जुनी स्टेशन वॅगन. वयाने ती माझ्याहून वडील, रंगाने पिवळी मोहरी, आणि उभ्या जागी इंजिन चालू ठेवलं की हुडहुडी भरल्यासारखी थरथरणारी. ती थरथर विनीच्या पाठीतून आत शिरते आणि पापण्यांवर जाऊन बसते. यामागचं शास्त्र मला विचारू नका. दहा महिन्यांच्या बाईचं शास्त्र तिच्यापाशीच असतं.

तेव्हा रोज दुपारी मी तिला मागच्या सीटवर बांधायची आणि तळ्याला वळसा घालायला निघायची. होड्यांच्या शेडपर्यंत तिची बडबड थांबायची, काळे हंस रस्ता अडवून बसतात तिथे मान कलंडायची, आणि बागेच्या कुंपणाशी मी गाडी उभी करायची. इंजिन चालू, काच थोडी खाली, माझं डोकं स्टिअरिंगवर. तेवढीच माझी दिवसाची झोप. रात्रीबद्दल मी बोलत नाही; आमच्या घरात रात्र ही एक अफवा आहे.

पण आमच्या गावाचा, बॅलरॅटचा, हिवाळा ओला आणि मॉरीनची छाती जुनी. आम्ही दोघी जरा कुठे डोळे मिटतोय तोच ती दोन उचक्या द्यायची, एक सुस्कारा सोडायची आणि बंद पडायची. थरथर थांबली रे थांबली की मागून विनीचा सूर लागायचा. मग मी चोक ओढायची, ॲक्सिलरेटर दाबायची, मॉरीनची मनधरणी करायची. कुणी गाडी सुरू करतं, कुणी मूल झोपवतं. मी दोन्ही एकदम करायची आणि अधूनमधून रडायचीही.

असं एकदा रडत घरी आले तेव्हा माझा नवरा कॅलम म्हणाला, “टॅमी, दोष मॉरीनचा नाही. कार्ब्युरेटरचा आहे. तो काढून फ्युएल इंजेक्शन बसवू. मग ही बया तासभर उभी राहिली तरी बंद पडायची नाही.”

“कोण बसवणार?”

“मी. एका शनिवार-रविवारचं तर काम.”

हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं, त्या घरच्या बाईने त्याच पावली माहेरी निघून जावं. माझं माहेर पर्थला. म्हणजे अख्खा देश ओलांडून पलीकडे, आणि तिथवर जायला चालणारी गाडी लागते.

कॅलम हायस्कुलात सुतारकाम शिकवतो. लाकडाच्या बाबतीत त्याच्या हाताला देवाने काहीतरी दिलंय. लोखंडाच्या बाबतीत मात्र त्याच्या अंगी नुसता विश्वास आहे. तरी त्याने मला समजावलं ते माझ्या डोक्यात शिरलं. कार्ब्युरेटर म्हणजे त्याच्या आईसारखा स्वयंपाक करणारा: अंदाजाने, मूठमूठभर, एकाच पातेल्यातून सहा जणांना. कुणाच्या पानात जास्त, कुणाच्या कमी, आणि थंडीच्या दिवसांत सगळंच कच्चं. इंजेक्शन म्हणजे प्रत्येक सिलिंडरला त्याच्या त्याच्या ताटात मोजून वाढणारं कुणीतरी. “आणि वाढायचं किती, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो,” तो म्हणाला. सासूबाईंच्या जागी कॉम्प्युटर, ही कल्पना मला एकूण बरी वाटली. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी मॉरीनचं बॉनेट उघडलं. आमच्या गल्लीत बॉनेट उघडणं म्हणजे घरावर निशाण लावणं. पाच मिनिटांत शेजारचे मर्व्ह हात बगलेत खोचून कुंपणापलीकडून हजर झाले.

“काय चाललंय?”

“इंजेक्शन बसवतोय, मर्व्ह.”

मर्व्हनी खूप वेळ इंजिनाकडे पाहिलं. डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसं. मग म्हणाले, “व्ही-एट टाक.”

मर्व्हना काहीही सांगा, ते हेच सांगतात. आमचं छत गळत होतं तेव्हाही विषय फिरून व्ही-एटवरच आला होता.

“आठ सिलिंडर कशाला हवेत हो?” मी विचारलं.

“सहापेक्षा दोन जास्त असतात, पोरी.”

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको ग्लेनिस नारळाचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक घेऊन आली. तिचा इंजिनाशी संबंध नव्हता. तिची नजर माझ्या कडेवर होती. “तू तिला लाडावून ठेवलंयस. पाळण्यात टाक आणि रडू दे. मी आमच्या शेनला रडू द्यायची.”

“शेन कसा आहे आता?”

“काय माहीत,” ग्लेनिस म्हणाली. “फोन करत नाही.”

मी एक केक खाल्ला आणि विनीला जरा घट्ट धरलं.

इंजेक्शनचं सामान एका भंगारच्या आवारातून आलं, मॉरीनच्या नात्यातल्याच एका तरुण गाडीचं. ती बिचारी एका कांगारूला धडकून गेली होती. सामान दिसायला शहाणं होतं. आणि खरं सांगते, इंजिनावर ते बसलंही. कॅलमने मला हाक मारून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या, विनीनेही वाजवल्या. फक्त बॅटरीची जागा गेली.

बॅटरी मग मागे डिकीत न्यावी लागली. तिला बसायला कॅलमने एक सुंदर लाकडी पेटी केली, कोपऱ्यांना खाचा वगैरे घालून. पेटी इतकी ऐसपैस झाली की डिकीत बाबागाडी मावेना. बाबागाडी टपावर बांधायची तर टपाला कठडा हवा. कठड्याला भोकं पाडताना आतलं अस्तर सुटलं आणि तंबू कोसळावा तसं मागच्या सीटवर आलं. पेट्रोल नीट पोचत नव्हतं म्हणून गाडी सुधारायला घेतलेला माणूस आता अस्तर शिवत होता, आणि तेही माझ्या मशीनवर.

पुढे कळलं की इंजेक्शनला पेट्रोल नुसतं आणून चालत नाही, उरलेलं परतही न्यावं लागतं. म्हणून टाकी उतरवली. टाकी उतरल्यावर मॉरीन चार ठोकळ्यांवर चढली, आणि त्या क्षणी माझी दुपारची झोप अधिकृतपणे संपली.

पहिल्या दुपारी मी पाळणा हलवून पाहिला. दुसऱ्या दुपारी कपडे धुण्याच्या मशीनवर तिला मांडीत घेऊन बसले. मशीन थांबलं तेव्हा मी झोपले होते आणि विनी माझं नाक मोजत होती. त्यानंतर कॅलम शाळेतून आला आणि म्हणाला, “आपण खोटं खोटं करू.” ठोकळे काढून मॉरीन तात्पुरती चाकांवर उतरवली. मी मागे विनीशेजारी बसले. कॅलम पुढचा बंपर धरून गाडी हलवू लागला. पण आवाज? आवाज मी काढला. ओठ सैल सोडून, घशातून, बुर्रर्रर्र. सहा सिलिंडर एका बाईने करायचे म्हणजे मधे श्वास घ्यायलाही सवड नसते.

मर्व्ह कुंपणावरून बघत होते. त्यांना राहवेना. ते आले आणि मागचा बंपर धरून हलवू लागले. गल्लीच्या टोकाला पोस्टाची स्कूटर थांबली. ग्लेनिस दारात आली.

“अगं ए, हे काय चाललंय?”

“श्श!” तिघं एकदम म्हणालो. मर्व्ह हळूच म्हणाले, “पोरी, तुझा एक सिलिंडर कमी वाजतोय.”

आणि विनी? विनी हसत होती. इतकी हसली की तिला उचकी लागली. जन्मापासूनचा तिचा सगळ्यात चांगला दिवस होता तो. झोपली मात्र नाही.

राहता राहिल्या वायरी, आणि वायरींसाठी निळ्या. निळ्या हा कॅलमचा शाळेपासूनचा मित्र, गाड्यांच्या वायरिंगचा कारागीर. त्याचे केस गाजराच्या रंगाचे आहेत, आणि लाल केसांच्या माणसाला आमच्या देशात निळ्या म्हणतात. त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. निळ्याने सगळं वायरींचं जाळं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नाव लिहिलं: पंखा, पंप, दिवा. मग तो म्हणाला, “उरलेलं पुढच्या आठवड्यात, गड्या,” आणि गेला. आम्ही जेवायला स्वयंपाकघरात उभे राहू लागलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मित्राने मित्राचं काम केलं तर पैसे द्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. काम झाल्यावर बिअरचा खोका द्यायचा. रीत ऐकायला फार गोड आहे. पण तिच्यात एक मेख आहे. पैसे घेणाऱ्या माणसाला दटावता येतं. उपकार करणाऱ्याला कसं दटावणार? निळ्या आला की ‘अरे, दमला असशील, बस’ म्हणायचं. नाही आला की ‘बिचाऱ्याला केवढी कामं’ म्हणायचं. तो पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आला, ते क्रिकेट बघायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा विनी टेबलाखालून वर चढायला शिकली होती आणि निम्म्या चिकटपट्ट्या तिने खाल्ल्या होत्या.

“पंप कुठला होता गं?” निळ्याने तिला विचारलं. तिने जीभ दाखवली. जिभेवर ‘पं’ होता.

त्या दिवशी मी ते केलं. झोप न झालेली बाईच करू शकेल अशी ती चूक होती. निळ्या निघताना मी त्याच्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हटलं, “हे घे, तुझी मजुरी. पण हे या आठवड्यात संपव.”

निळ्याने पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी त्याच्या आईच्या थडग्यावर बाबागाडी फिरवली असती तर त्याचा चेहरा असाच झाला असता.

“मी काय परका आहे का, टॅम?” तो हळू आवाजात म्हणाला. पाकीट टेबलावर, वायरींमध्ये ठेवलं आणि निघून गेला. गाडीचं दारही आपटलं नाही त्याने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

कॅलम माझ्याशी त्या संध्याकाळी फार सभ्यपणे बोलला. म्हणजे काय ते लग्न झालेल्यांना कळेल. सगळ्या गल्लीत बातमी पसरली: टॅमसिनने निळ्याला पैसे दिले. मर्व्ह कुंपणाशी आले, पण व्ही-एटचं नावही काढलं नाही. इतकी वाईट परिस्थिती होती.

शेवटी मीच गेले. विनी कडेवर, दुसऱ्या हातात साय आणि फळं रचलेला पाव्हलोव्हा केक, खांद्याने त्याच्या गॅरेजचं दार ढकलून. “निळ्या, चुकले मी. पण मी झोपलेली नाहीये रे. माझ्या तोंडून काय बाहेर पडतं ते माझं मलाच कळत नाही.”

त्याने पाव्हलोव्हाकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांखाली. “किती दिवस?”

“मॉरीन ठोकळ्यांवर चढली तेव्हापासून.”

“मग आधी नाही का सांगायचंस? कॅलम तर म्हणाला, घाई नाही.”

मी कॅलमशी नंतर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात सभ्यपणा नव्हता.

निळ्याने दुसऱ्याच दिवशी काम हाती घेतलं. एकदा डावीकडे वळण्याचा दिवा लावला तर काच पुसायचा दांडा फिरला. एकदा हॉर्न वाजवला तर नुसताच पंखा सुरू झाला. पण शनिवारी दुपारी सगळी गल्ली अंगणात उभी असताना कॅलमने किल्ली फिरवली, आणि मॉरीन सुरू झाली. चोक नाही, मनधरणी नाही, उचकी नाही. नुसती सुरू झाली. इतकी हळुवार की मर्व्ह म्हणाले, “झाली का सुरू?”

कॅलमने बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी हललंसुद्धा नाही. पुरुष मंडळींनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या, निळ्याला खोका मिळाला, ग्लेनिसने डोळे पुसले. मी धावत आत गेले, विनीला आणून मागे बांधलं आणि तळ्याकडे निघाले.

होड्यांची शेड आली. हंस आले. बागेचं कुंपण आलं. मॉरीन उभी राहिली. बंद पडली नाही, पडायचं नावही काढेना. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि आरशातून मागे पाहिलं. विनी टक्क जागी. मला म्हणाली, “ब्बा?” हिवताप उतरलेल्या गाडीत तिला झोपवणारं काहीच उरलं नव्हतं. तो पेल्यातला न हललेला थेंबन्‌थेंब माझ्या डोळ्यांतून वाहिला.

घरी आल्यावर कॅलमने विचारलं, “झोपली?” मी टक्क जागी विनी त्याच्या हातात दिली. तो ओट्याशी बसला. त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं. “मी तुझ्यासाठी केलं होतं गं,” तो म्हणाला. आणि ते खरं होतं. त्यामुळे मला रागावताही येईना.

एवढ्यावर भागलं नाही. गाडीत असा बदल केला की सरकारमान्य इंजिनियरकडून तपासून घ्यावा लागतो. तोवर मॉरीनला तात्पुरता परवाना. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी विचारलं, “इंजिन बदललंत?” मी म्हटलं, “नाही, इंजिन तेच. पेट्रोल यायची वाट बदलली.” त्यांनी बराच वेळ पडद्यावर शोधलं. “असा बदल माझ्याकडे नाही. तुम्ही इंजिनही बदलून टाकता का? ते सोपं पडेल.” मला मर्व्हची आठवण झाली.

आमच्या भागात असा इंजिनियर एकच, ट्रेगार्थन. त्याने स्वतःच्या आईची गाडी नापास केली होती, असं निळ्या दबल्या आवाजात सांगायचा. पहिल्या भेटीला विनीला घेऊन कॅलम आणि मी दोघं गेलो. उंच, वाळका माणूस. हसणं नाही, बोलणं नाही. इंजिनाकडे जाण्याआधी त्याने मागचं दार उघडलं, विनीच्या सीटचा पट्टा ओढून पाहिला आणि वाकून तो पट्टा जखडणाऱ्या बोल्टवर बोट ठेवलं.

“हा कुठला?”

कॅलम म्हणाला, “वर्कशॉपातला. चांगला आहे, मी स्वतः बसवलाय. अस्तर काढलं तेव्हा जुना हरवला.”

“हा कपाटाचा आहे,” ट्रेगार्थन म्हणाला. “कपाटं रस्त्यावरून धावत नाहीत.”

कॅलम पांढरा पडला. मी विनीला उचलून घेतलं ते घरी पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही; आम्ही दोघी बसने आलो. इंजिनाचं नंतर बघू, आधी हे, एवढंच ट्रेगार्थन म्हणाला होता. कॅलमने योग्य बोल्ट आणून बसवला, निळ्याने तपासला, मर्व्हनी पट्ट्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. नंतर मी परत लोंबकळले.

दुसऱ्या भेटीला कॅलमची शाळा होती, ग्लेनिस हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या क्लबात गेली होती, म्हणून मी एकटीच विनीला घेऊन गेले. ट्रेगार्थनने पट्टा पुन्हा ओढला. मान डोलावली. बॉनेट उघडलं, नळ्या चिमटून पाहिल्या, बॅटरीची लाकडी पेटी मात्र जरा जास्तच वेळ पाहिली. “हे सुतारकाम आहे,” तो म्हणाला. स्तुती होती की ठपका, कळलं नाही. “आता रस्त्यावर चालवून बघावी लागेल. मी चालवतो. तुम्ही थांबता की येता?”

विनी मागे बांधलेलीच होती; तिला एकटं कशी पाठवणार? मी मागे तिच्याशेजारी बसले. तो काटेकोर चालवत होता. वळणापूर्वी दिवा, दिव्यापूर्वी आरसा. मॉरीन लोण्यावरून सुरी जावी तशी जात होती. विनी खिडकीबाहेरच्या प्रत्येक झाडाला काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, मिनिटभर डोळे मिटू. नुसते मिटू, झोपायचं नाही.

जाग आली ती मटणाच्या पॅटिसच्या वासाने. गाडी उभी होती, इंजिन चालूच होतं. बाहेर अनोळखी बेकरी, अनोळखी टेकड्या, उन्हं कलंडलेली. माझ्या अंगावर कुणाचंतरी लोकरी जाकीट. पुढच्या सीटवर ट्रेगार्थन मागे वळून बसला होता आणि विनी त्याच्या बोटावरून पॅटिसचा पापुद्रा चाटून खात होती. दोघांच्याही हनुवटीला टोमॅटो सॉस.

“आपण कुठे आहोत?”

“डेल्सफर्डला.”

“डेल्सफर्ड!” हे गाव घरापासून चांगलं पाऊण तासावर. “अहो, तपासणीला इतक्या लांब?”

“ब्रेक पाहायचे होते,” तो म्हणाला. “मग चढ पाहायचा होता. चढावर गेल्यावर उतार पाहणं आलंच.”

मी केस सारखे केले. गालावर सीटच्या शिवणीचा वळ उमटला होता. “ही झोपली होती का हो थोडी?”

“छे. सगळा वेळ बोलत होती. घरचं बरंच सांगितलं तिने.” त्याने रुमालाने आधी विनीची हनुवटी पुसली, मग स्वतःची. “झोपला होतात तुम्ही. खड्ड्यांतूनसुद्धा उठला नाहीत. सस्पेन्शन ठीक आहे.”

मला एवढी लाज वाटली की मी सरळ मुद्द्यावर आले. “मग, गाडी पास?”

“गाडी पास.” त्याने आरशात माझ्याकडे नीट पाहिलं, कपाटाच्या बोल्टकडे पाहिलं होतं तसं. “चला, निघू. परत जाताना जरा लांबच्या रस्त्याने घेतो. मघाशी मागच्या बाजूला काहीतरी बारीक आवाज आल्यासारखा वाटला. नीट ऐकायला हवा.”

मी कान देऊन ऐकलं. मॉरीनमधून कसलाही आवाज येत नव्हता. विनी झाडांशी बोलत होती, तेवढाच. पण सरकारमान्य माणसाशी वाद घालू नये. मी जाकीट गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि म्हटलं, “हो, ऐका ना. सावकाश ऐका.”